ढेप सरळ गडगडत नाही

औशाहून आठ किलोमीटरवरच्या वाघतळीच्या जिल्हा परिषद शाळेत एक लोखंडी कपाट आहे. त्याला दोन कुलपं. एक शाळेचं, त्याची किल्ली मुख्याध्यापक निवृत्ती गुरुजींकडे. दुसरं चौथीच्या उज्वलाबाईंनी स्वतः आणून लावलेलं, त्याची किल्ली बाईंच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात.

कपाटात गणिताचं साहित्य होतं. नऊ वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीत बाईंनी ते पुठ्ठ्यापासून स्वतःच्या हातानं केलं होतं. घन निळा, इष्टिकाचिती पिवळी, वृत्तचिती लाल, शंकू हिरवा, गोल केशरी. प्रत्येकाच्या बुडाशी चिठ्ठी चिकटवलेली: पृष्ठे किती, कडा किती, शिरोबिंदू किती. वर्षातून दोन आठवडे हे साहित्य बाहेर यायचं, बाईंच्या हातात फिरायचं आणि परत आत जायचं. मुलांना हात लावायची मनाई होती, कारण कोपरे दबतात.

या पाच वस्तूंच्या जोरावर बाई नऊ वर्षं सुलभक होत्या. सुलभक म्हणजे शिक्षकांना शिकवणारा शिक्षक. दर फेब्रुवारीत लातूरला तीन दिवसांचं गणित प्रशिक्षण भरायचं आणि आसपासच्या चौदा शाळांच्या केंद्रातून त्यासाठी एकच नाव जायचं. मिळायचं फार काही नाही, छातीवर लावायला बिल्ला आणि दुपारचं जेवण. पण बाई समोर उभ्या राहून बोलायच्या आणि चाळीस शिक्षक खाली मान घालून लिहून घ्यायचे. त्या चाळीस पेनांची कुरकुर बाईंना वर्षभर पुरायची.

जूनमध्ये विशाखा हनमंते बदलून आल्या. मूळच्या भोकरच्या, नांदेड जिल्ह्यात बारा वर्षं नोकरी झालेली. नवरा लातूरला बँकेत, म्हणून जिल्हा बदलून घेतलेला. रोज लातूरहून स्कूटीवर येत आणि घंटेच्या दहा मिनिटं आधी फाटकात शिरत. त्यांना पाचवी मिळाली, म्हणजे आदल्या वर्षी उज्वलाबाईंच्या हाताखालून गेलेली मुलं.

नवीन माणूस आला की आठवड्याभरात कपाटाची किल्ली मागायला येतो, हा बाईंचा अनुभव. मग बाई आधी नाही म्हणत, नंतर स्वतः उघडून एकेक वस्तू दाखवत आणि समोरच्यानं वा म्हटलं की परत कुलूप लावत. विशाखा म्याडम आल्या नाहीत. जून गेला, जुलै गेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाईंनीच विषय काढला, साहित्य लागलं तर सांगा म्हणून. म्याडम म्हणाल्या, लागलं तर सांगते. इतकंच. तेव्हापासून बाईंच्या पोटात जे शिरलं ते निघालं नाही.

चौथी आणि पाचवीच्या मधली भिंत छतापर्यंत गेलेली नाही. वरून आवाज येतो. बाई फळ्यावर भागाकार मांडायच्या आणि कान पलीकडे ठेवायच्या. पाचवीत दिवसातून किती वेळा हशा होतो, हे त्यांना न मोजता माहीत असायचं. मधल्या सुट्टीत पोरी म्याडमच्या डब्याभोवती उभ्या राहत. म्याडम भाकरीवर ठेचा घालून त्यांच्या हातावर तुकडा ठेवत. गेल्या वर्षी याच पोरी बाईंच्या वेणीतलं फूल खाली पडलं तर उचलून द्यायला धावत होत्या. आता त्या जाता जाता नमस्कार बाई म्हणायच्या आणि पुढे पळायच्या. त्यांचा नमस्कारही बाईंना खुपायचा.

एकदा चहाच्या वेळी तिसरीचे गुरुजी म्हणाले की म्याडमचं काय, त्यांच्या लोकांना सगळीकडे जागा राखीवच असते. उज्वलाबाईंना पक्कं माहीत होतं की बदलीचा आणि राखीव जागेचा काही संबंध नाही. असलं बोलणं त्यांनी स्वतःच्या घरात, सासऱ्यांसमोरसुद्धा कधी चालू दिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्या कपातल्या चहाकडे बघत राहिल्या. वाक्य त्यांचं नव्हतं, पण ते ऐकून बरं वाटलं. घरी जाताना त्या बरं वाटण्याची लाज वाटली आणि त्या लाजेचा रागही म्याडमवरच निघाला.

जानेवारीत निरोप आला. केंद्रप्रमुख संगमेश्वर स्वामी सरांकडे सुलभकासाठी वाघतळीतूनच दोन नावं गेली होती. दुसरं नाव निवृत्ती गुरुजींनी पाठवलं होतं, कुणाला न विचारता. सरांनी कळवलं की महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी येतो, दोघींचा घनाकृतींचा पाठ बघतो आणि तिथंच एक नाव लिहितो.

बाईंनी त्याच रविवारी लातूर गाठलं. पुठ्ठ्याचं साहित्य आता जुनं दिसत होतं, शंकूचं टोक उंदरानं कुरतडलं होतं. गंजगोलाईच्या मागे एक सुतार लाकूड कातून देतो, त्याच्याकडून त्यांनी पाचही आकार नवे करून घेतले. गुळगुळीत, जड, कडा अशा रेखीव की बोट फिरवावं. रंग त्याच्याकडेच लावून घेतला. दुकानात जे डबे उघडे होते, ते त्यानं वापरले. बाईंनी चकाकी बघितली, रंग बघितले नाहीत. गुरुवारी संध्याकाळी साहित्य कपाटात गेलं, शुक्रवारी सकाळपर्यंत कुणाच्या दृष्टीस पडलं नाही.

तिकडे पाचवीत सोमवारपासूनच गडबड होती. म्याडमनी मुलांना सांगितलं होतं की घरातलं काहीबी आणा, फक्त उद्या आईला लागंल ते आणू नका. व्हरांड्यात ढीग लागला. धान्य मोजायचा शेर, वीट, बॅटरीचे सेल, पेढ्याचा रिकामा खोका, भोवरा, तिफणीवर बसवायचं लाकडी चाडं. पेरताना त्या चाड्यात वरून बी सोडतात, ते खाली नळ्यांत उतरतं. मुलं पृष्ठे आणि कडा मोजत होतीच, पण भिंतीवरून बाईंना म्याडमचा एकच प्रश्न फिरून फिरून ऐकू येत होता: हे असंच का केलं आसंल? वीट गोल का नाही? शेर चौकोनी का नाही? चौकोनी शेराच्या कोपऱ्यात दाणे अडकतील, म्हणून एक पोरगी बोलली. बाई हातात खडू घेऊन भिंतीपाशी थांबल्या. वीस वर्षांत आपण शेर किती वेळा वृत्तचिती म्हणून सांगितला असेल, आणि हे एकदाही विचारलं नाही. प्रश्न साधा होता. साधा होता, हेच त्यांना सहन झालं नाही.

बुधवारी शाळा सुटताना पाचवीची रुद्राणी फाटकात भेटली. तिच्या वडलांचं गुऱ्हाळ आहे आणि ते दिवस गुऱ्हाळाचेच होते. तिच्या फ्रॉकला पाकाचा वास येत होता. त्या वासावरून बाईंना सुचलं.

गुळाची ढेप बादलीच्या घाटाची असते, एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद. तिची पृष्ठे मोजली तर दोन सपाट, एक वक्र. कडा दोन. शिरोबिंदू शून्य. वृत्तचितीचा हिशोब अगदी हाच येतो. म्हणजे मोजणारा माणूस ढेपेला वृत्तचिती म्हणणार, आणि ती वृत्तचिती नाही, शंकूही नाही. पाचवीच्या पुस्तकात तिला नावच नाही. स्वामी सर गणिताचे पदवीधर आहेत, चूक त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.

बाईंनी रुद्राणीच्या डोक्यावरून हात फिरवला. शुक्रवारी एक लहान ढेप आणशील का, म्हणाल्या. आधी म्याडमला सांगू नको. सर आले की एकदम दाखव. पोरीनं मान हलवली. दोघी शिक्षिका मिळून काही तरी गंमत करणार आहेत, असं तिला वाटलं.

शुक्रवारी पहिला पाठ चौथीचा होता. स्वामी सर मागच्या खुर्चीत, शेजारी निवृत्ती गुरुजी. बाईंनी टेबलावरचं कापड बाजूला केलं तेव्हा वर्गातून हूं असा आवाज निघाला, इतकं ते साहित्य देखणं होतं. बाईंनी निळी वृत्तचिती उचलली आणि विचारलं, हा कोणता आकार?

"घन," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

बाईंना वाटलं, पोरं घाबरली. त्यांनी हसून वृत्तचिती खाली ठेवली आणि लाल घन उचलला. वर्गानं त्याच सुरात, त्याच खात्रीनं वृत्तचिती म्हणून सांगितलं. पिवळ्या शंकूला इष्टिकाचिती. बाईंनी शंकू खाली ठेवला. काय झालं ते त्यांना कळलं होतं. डिसेंबरात दोन आठवडे याच मुलांनी पुठ्ठ्याचे आकार लांबून बघितले होते, हात न लावता, आणि रंगांवरून पाठ केले होते. मागची आठ वर्षं मुलांनी तेच केलं असणार.

स्वामी सर उठले. त्यांनी निळी वृत्तचिती पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिली.

"हा घन कशावरून, बाळ?"

"निळा हाय म्हणून, सर."

सर हसले नाहीत. त्यांनी मुलीच्या पाठीवर थोपटलं, जागेवर येऊन बसले आणि डायरीत दोन ओळी लिहिल्या. पेनाचा आवाज बाईंना टेबलापर्यंत ऐकू आला. उरलेली पंचवीस मिनिटं त्या बोलत राहिल्या, काय बोलल्या ते नंतर आठवलं नाही.

पाचवीचा पाठ सुरू झाला तेव्हा बाईंनी चौथीला शुद्धलेखन दिलं आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. आपलं तर गेलंच होतं. आता तिचंही जावं, एवढीच इच्छा उरली होती, आणि ती इच्छा इतकी उघडी होती की बाईंनी पदर सारखा करून घेतला.

पाठ चांगला चालला होता. मुलं वस्तू हातात घेऊन बोलत होती. मग रुद्राणी उठली, दप्तराआडून जुन्या पातळात गुंडाळलेली ढेप काढली आणि दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवली.

"म्याडम, हिचा आकार कोणता?"

विशाखा म्याडम ढेपेकडे बघत राहिल्या. मुलांनी कुणी सांगायची वाट बघितली नाही. चार जण पुढे आले आणि मोजू लागले. सपाट दोन, वक्र एक, कडा दोन, टोक नाही. वृत्तचिती, वृत्तचिती, असा गलका झाला. म्याडम फळ्याकडे वळल्या नाहीत. खडू हातात तसाच. स्वामी सर खुर्चीत पुढे सरकले. दारात बाईंच्या छातीत काही तरी गोड हललं, सात महिन्यांत पहिल्यांदा.

"थांबा जरा," म्याडम म्हणाल्या. "मोजून तर वृत्तचितीच येऊन राहिली. पण मला ती दिसंना तशी. मला बी लगेच सांगता येत न्हाई. बघू या."

आपल्याला येत नाही, हे केंद्रप्रमुखांसमोर इतक्या सहज म्हणता येतं, हे बाईंना माहीत नव्हतं.

म्याडमनी मुलांना भिंतीकडे सरकवलं. शेर आडवा ठेवला आणि ढकलला. तो सरळ रेषेत गडगडत समोरच्या भिंतीला जाऊन लागला. मग पातळ जमिनीवर पसरलं, त्यावर ढेप आडवी ठेवली आणि तिला तसाच धक्का दिला. ढेप दोन हात सरळ गेल्यासारखी वाटली आणि वळायला लागली. पातळाबाहेर पडली, अरुंद बाजूकडे गोल फिरली आणि स्वामी सरांच्या खुर्चीच्या पायाला येऊन थटली. सरांनी पाय वर घेतले. वर्ग खिदळला आणि सरही.

मुलांनी पुन्हा ढकलायला लावली. तीन वेळा. तिन्ही वेळा ती वळली.

म्याडमनी रुद्राणीला विचारलं, "तुमच्या गुऱ्हाळात असाच साचा का गं? सरळ का न्हाई करत?"

"सरळ आसला तर ढेप निघतच न्हाई, म्याडम. आतच बसती. असा आसला की पालथा घालायचा, वरून ठोकायचं. निघाली."

म्याडमनी वहीचा कागद गुंडाळून शंकू केला, ढेपेशेजारी उभा धरला आणि मुलांकडे बघितलं. मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं की शंकूचं टोक कुणी खाल्लं तर ढेप होईल. म्याडमनी कात्री घेऊन टोक कापलं. हातात छोटा शंकू आला, खाली ढेपेचा घाट उरला. याचं नाव मोठ्या वर्गात येतं, त्या म्हणाल्या. नाव मागून येऊ द्या. ही कशी चालती ते तुम्हाला आत्ताच कळलंय.

स्वामी सर उभे राहिले. ही ढेप कुणाची कल्पना, त्यांनी विचारलं.

"उज्वलाबाईंनी सांगितली," रुद्राणी म्हणाली. "म्हणल्या, म्याडमला सांगू नको, सर आले की एकदम दाखव."

सगळे दाराकडे वळले. निवृत्ती गुरुजींना काही कळलं नाही. स्वामी सरांचा चेहरा उजळला. विशाखा म्याडमच्या हातात कात्री होती. त्यांनी ती बंद केली आणि टेबलावर ठेवली. त्यांची नजर बाईंच्या तोंडावर जेमतेम क्षणभर थांबली असेल. तेवढ्यात बाईंना समजलं की हिला समजलं.

कार्यालयात चहा आला. स्वामी सर मोकळेपणानं बोलले. चौथीत रंगाची चूक झाली, ती लिहून ठेवली होती. खरं सांगायचं तर नावही तेव्हाच ठरलं होतं, आणि ते बाईंचं नव्हतं. पण मोजून जमत नाही अशी वस्तू शोधून काढायची आणि ती सहकाऱ्याच्या पाठात ठेवायची, स्वतःच्या नाही, हे त्यांनी आजवर बघितलं नव्हतं. प्रशिक्षणात असंच माणूस पाहिजे. म्याडमपुढे अजून पुष्कळ वर्षं आहेत, त्यांचं पुढच्या वर्षी बघू.

बाईंना बोलायला वेळ होता. चहा गरम होता, सर फुंकर घालून पीत होते. सर, तसं नव्हतं, एवढे तीन शब्द होते. बाईंनी आपलं नाव लिहिलेला कागद पुढे ओढला आणि नावापुढे सही केली.

शाळा सुटल्यावर त्या हौदावर हात धुवायला गेल्या तेव्हा म्याडम शेर धूत होत्या.

"ढेप कशाला मागवली होती, ते कळलं मला, बाई," म्याडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

बाईंनी नळ सोडून हात पुढे केले.

"रंगाचं मला जूनमध्येच कळलं होतं. पोरांना लाल खोकं दाखवलं तर वृत्तचिती म्हणाली. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. न्हाई सांगितलं." त्यांनी शेर उपडा ठेवला. "वाटलं, कधी तरी कळू द्या सगळ्यांना. आज कळलं. तर मला बी काही बरं वाटलं न्हाई."

त्या स्कूटीकडे गेल्या. उज्वलाबाई नळ चालू ठेवून तशाच उभ्या राहिल्या. जून ते जानेवारी. म्याडमच्याही पोटात आपल्याबद्दल काही होतं, आणि ते आपल्याला दिसलं नव्हतं. हे कळून मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. चूक कबूल करण्यातही ती आपल्या पुढे निघून गेली, एवढंच मनात आलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी लातूरला प्रशिक्षण सुरू झालं. सकाळी बाईंनी गूळ बाजारात जाऊन पाच किलोची ढेप घेतली. आडतीवरचा माणूस पिवळाधमक गूळ दाखवत होता, खायला हाच न्या म्हणत होता. बाईंनी कडा न फुटलेली ढेप निवडली. लाकडी साहित्य त्यांनी आणलं नव्हतं, पिशवीत फक्त घरचा शेर होता.

सभागृहात बिल्ला लावला, ढेप टेबलावर ठेवली आणि आकार विचारला. चाळीस शिक्षकांनी मोजलं. बहुतेकांनी वृत्तचिती म्हटलं. मग बाईंनी शेर ढकलला, तो सरळ गेला. ढेप ढकलली, ती वळली. साचा असा का, हे विचारलं. कागदाचा शंकू केला, टोक कापलं. सगळं त्या दिवशी झालं होतं त्याच क्रमानं. "नाव मागून येऊ द्या," हेसुद्धा तोंडातून आपोआप गेलं. सभागृहात टाळ्या पडल्या. नऊ वर्षांत पाठाच्या मध्ये टाळ्या कधी पडल्या नव्हत्या.

किल्लारीकडचे एक वयस्क शिक्षक उभे राहिले. म्हणाले, "बाई, आमच्या घरी तीन पिढ्या गुऱ्हाळ आहे. ढेप गडगडवून बघावी असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तुम्हाला कसं सुचलं?"

त्यांना उत्तर खरंच हवं होतं. बाईंना हो, असंच, एकदा विचार करता करता, असं काहीबाही म्हणता आलं असतं. कार्यालयात गप्प बसून चाललं होतं. इथं गप्प बसून चालणार नव्हतं, इथं खोटं बोलून दाखवावं लागणार होतं. बाईंनी ढेपेवर हात ठेवला. ती हाताला चिकट लागत होती.

"मला नाही सुचलं," त्या म्हणाल्या. "आमच्या शाळेत विशाखा हनमंते म्हणून शिक्षिका आहेत. भोकरच्या. ढेप मी मागवली होती. गडगडवून बघायचं त्यांना सुचलं. पुढचे प्रश्नही त्यांचेच."

ढेप कशासाठी मागवली होती, ते वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

शिक्षक खाली बसले. चाळीस माना वाकल्या, चाळीस पेनं वह्यांवर टेकली आणि कुरकुर सुरू झाली. नाव लिहून घेत होते. मागच्या रांगेतून एका सरांनी ते पुन्हा सांगायला सांगितलं. बाईंनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं. गेलं नाही.